भूगर्भातील राणी

सातवीच्या वह्या तपासत होते. विषय दिला होता 'आपल्या गावातील पाणी'. दोन पानं लिहून आणा, माहिती गोळा करा, एवढंच सांगितलेलं. तिसऱ्या वहीत वाचलं, "भूगर्भातील राणी दिवसेंदिवस कमी होत चालले आहे." हसले, लाल पेनानं गोल केला, पुढची वही घेतली. त्यातही राणी. मग मुद्दाम सगळ्या वह्या चाळल्या तर २३ पैकी ९ वह्यांत भूगर्भातील राणी कमी होत चाललेली. वर्गात विचारलं तर कळलं की एका पोराच्या मोठ्या भावाचं जुनं गाईड आहे, त्यात छापतानाच 'पाणी'चं 'राणी' झालंय आणि ते गाईड रात्रीतून नऊ घरं फिरलं. एकानंही थांबून विचार केला नाही की ही राणी कोण, आणि बरं कमी होतेय म्हणजे बारीक होतेय की काय.

चिडले खूप. घरी येऊन नवऱ्यापुढं बडबड केली. तो म्हणाला, तू बीएडला कृतिसंशोधनाची फाईल कुठून लिहिलीस? गप्पच बसले. सीनियरची फाईल आणली होती मी, शाळेचं नाव बदललं, विद्यार्थीसंख्या बदलली, निष्कर्ष तसेच ठेवले, चांगले मार्क पडले. आमच्या बॅचमधल्या निम्म्या जणींनी तेच केलं होतं. म्हणजे मला स्वतःला कुणी कधी शोधून लिहायला शिकवलं नाही आणि मी पोरांकडून ते गृहीत धरून बसलेय.

थोडं शाळेबद्दल सांगते. बीड जिल्हा, शिरूर कासार तालुका, बालाघाटाच्या डोंगरात. जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा, मी सहावी ते आठवीला पदवीधर शिक्षिका, मूळची लातूरकडची. गावातली निम्म्याच्या वर घरं ऊसतोडीची. दसरा-दिवाळी झाली की मुकादम येतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतात, टोळ्या निघतात, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, पोरं बरोबर नेतात नाहीतर आजीपाशी ठेवतात. त्यामुळं जूनमध्ये भरलेला वर्ग डिसेंबरात निम्मा दिसतो. हंगामी वसतिगृह असतं पण सगळेच ठेवत नाहीत, लहान भावंडाला सांभाळायला मोठी पोरगी लागतेच उसाच्या फडावर. शाळेत ग्रंथालय म्हणजे एक पत्र्याची पेटी, त्यात गोष्टीची पुस्तकं बरी आहेत पण संदर्भासाठी म्हणावं असं काही नाही. एक टीव्ही आहे, तो बंद आहे. नेट म्हणजे माझा फोन, आणि त्याची रेंज देवळाच्या ओट्यावर.

पहिला प्रश्न आला कागदाचा, हे ऐकून हसाल. पण संशोधन शिकवायचं म्हणजे लिहायचं, खोडायचं, फाडायचं, परत लिहायचं, आणि आमच्या पोरांना वहीचं पान फाडलं तर घरी मार बसतो. नोंदी घ्यायला सुटे कागद पाहिजेत, वर-खाली हलवता येतील असे. शाळेतले पाठकोरे कागद आठवड्यात संपले. मग एक पोरगी म्हणाली, मॅडम आमच्या घरी लग्नपत्रिका लई पडल्यात. खरंच की! पत्रिकेला देवाचं चित्र असतं म्हणून कुणी टाकत नाही, फळीवर, पत्र्याच्या खाली, ट्रंकेत गठ्ठेच्या गठ्ठे. तीन दिवसांत खुर्चीच्या उंचीएवढा ढीग जमला. त्यातल्या चकचकीत वेगळ्या काढल्या, त्यावर ना पेन्सिल उमटत ना पेन, शाई पसरते. साध्या जाड कागदाच्या एकपानी पत्रिका सगळ्यात भारी, पाठ कोरी, हातात धरून उभ्या-उभ्या लिहिता येतं. गणपतीचं चित्र कापून वेगळ्या पाकिटात ठेवायचं ठरलं, कारण त्यावरून एक आजी भांडायला आली होती.

आता सुरुवात कुठून करायची. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, आठ तंत्रांत 'प्रकल्प' आहेच, त्यामुळं पोरांच्या डोक्यात प्रकल्प म्हणजे काय ते पक्कं बसलेलं. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा, कापायचा, चिकटवायचा, वर स्केचपेननं प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष, आणि कडेनं वेलबुट्टी. मी ते सगळे शब्द महिनाभर बंद केले. गृहीतक वगैरे तर उच्चारलंच नाही. एकच शब्द फळ्यावर लिहिला: कशावरून?

हा शब्द पोरांना येतो की. भांडताना दिवसातनं दहादा वापरतात. "तूच माझा पेन घेतला." "कशावरून?" म्हणलं आता वर्गात पण हेच भांडण करायचं. एकानं गावाबद्दल एक वाक्य सांगायचं, बाकीच्यांनी ओरडायचं कशावरून. "आपल्या गावात आधी लई पाऊस पडायचा." कशावरून? "आज्जी म्हणती." "आपल्या शाळंत ६ खोल्या आहेत." कशावरून? "मोजा की!" "आपलं गाव तालुक्यात सगळ्यात भारी हाय." कशावरून? आणि तो पोरगा दोन मिनिटं विचार करून म्हणाला, "मला वाटतं म्हणून." सगळे खो-खो हसले, पण मला तेच पाहिजे होतं.

त्यातनं चार अक्षरं निघाली. ब म्हणजे बघितलं किंवा मोजलं. ऐ म्हणजे ऐकलं. वा म्हणजे वाचलं. म म्हणजे मला वाटतं. गेरू कालवून भिंतीवर मोठी लिहिली. नियम एवढाच की काहीही लिहा, पण प्रत्येक वाक्याच्या डाव्या बाजूला समासात यातलं एक अक्षर आलं पाहिजे. ऐ असेल तर कुणाकडून, कुठं बसून, कधी. वा असेल तर कशात, कितव्या पानावर. म लिहायला बंदी नाही, फक्त म ला ब म्हणायचं नाही. संदर्भ द्या, स्रोत नमूद करा असं मी दहा वेळा सांगून जे झालं नसतं ते या समासानं केलं, कारण पोरांना स्वतःचंच दिसायला लागलं की अख्खं पान म म म म आहे.

गाईडवाली नऊ पोरं पहिल्याच दिवशी अडकली. समासात वा लिहिलं, पान नंबर लिहिला, आणि मी विचारलं की मग राणी म्हणजे काय. तेव्हा खरं नियम झाला की जे दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही ते लिहायचं नाही. पुस्तक मिटवायचं, मग आपल्या बोलीत कार्डावर, म्हणजे पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, लिहायचं, मग पुस्तक उघडून बघायचं काही चुकलं का. हे 'पुस्तक मिटवायचं' एवढ्या एका गोष्टीवर माझे दोन आठवडे गेले हो! पोरांना वाटायचं पुस्तकातलं वाक्य बदललं म्हणजे ते चुकलं. एक जण तर म्हणाला, पुस्तकातलं चांगलंय मॅडम, माझं कशाला घालू? त्याला काय उत्तर द्यावं मला त्या दिवशी सुचलं नाही.

प्रश्न निवडायचं काम सगळ्यात अवघड निघालं. पोरांनी दिलेले पहिले विषय: ब्लॅक होल, प्रदूषण, दुष्काळ, मोबाईलचे दुष्परिणाम, एलियन. यात वाईट काही नाही, पण यावर आमच्या गावात बसून काय शोधणार, परत गाईडच. मग ठरवलं की प्रश्न असा पाहिजे ज्याचं उत्तर चालत जाऊन मिळेल. एका पायपिटीत नाही मिळणार, पाच-सहा चकरा होतील, पण पैसे न लागता, गावाच्या शिवारात. दुष्काळवाल्याला विचारलं कुठला दुष्काळ, म्हणाला बहात्तरचा, आजी सांगते. मग बहात्तरचा दुष्काळ आपल्या गावात कुणाकुणाला आठवतो, असं करत करत तो आला 'बहात्तरच्या दुष्काळात आपल्या गावातली माणसं काय खात होती' इथपर्यंत. याला तीन तास लागले, आणि ते तीन तास मी वाया गेले असं म्हणणार नाही. बाकीच्यांचे प्रश्न असे झाले: देवळामागचा आड किती खोल आहे, गावात लग्नं कोणत्या महिन्यात होतात, दुकानातल्या पाच रुपयाच्या पुड्यात चिप्स किती असतात (हा सगळ्यात लाडका गट, डेटा खाऊन टाकायचे), कोणत्या हातपंपाला किती हापसे मारले की पाणी येतं.

मुलाखतीचा पहिला दिवस पार फसला. सहा पोरं एका म्हाताऱ्या बाईंच्या दारात उभी राहिली आणि एकानं प्रश्नपत्रिकेसारखं वाचलं, "दुष्काळाची कारणे सांगा." बाई म्हणाल्या, पाऊस नव्हता बाबा. पुढं काय विचारावं कुणाला कळेना, पाणी पिऊन परत आली. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गात आजी झाले, डोक्यावर पदर घेतला आणि पोरांना विचारायला लावलं. 'कारणे सांगा' विचारलं की मी नुसतं "व्हय" म्हणायचे. "सकाळी उठल्यावर काय खायचा?" विचारलं की भरभरून बोलायचे. दोन तासांत त्यांना कळलं की मोठा प्रश्न विचारला की छोटं उत्तर येतं.

मग गेली तर त्याच बाई दीड तास बोलल्या. मिलो नावाची लाल ज्वारी आली होती, भाकरी नीट थापत नव्हती, पोरं रडायची खायला. खडी फोडायच्या कामावर खायला सुकडी मिळायची. पाझर तलावाच्या कामावर पाट्या टाकल्या. पोरांनी मिलो हा शब्दच कधी ऐकला नव्हता, एकीनं कार्डावर 'मैलो' लिहिलं, एकानं 'मीलू'. तिथंच भांडण. मग ठरलं की ऐकलेला शब्द कळला नाही तर परत विचारायचा, लाजायचं नाही. वयाचा पण घोळ. कार्डावर वय लिहायचा नियम मी केला होता, बाई म्हणाल्या मला काय ठावं. तर मुकादमाच्या नातीनं लिहिलं, "वय: बहात्तरच्या दुष्काळात पहिलं लेकरू पोटात होतं." मी ते खोडून 'अंदाजे ७०' करणार होते, पेन टेकवलाही होता, पण नाही केलं. त्या पोरीनं आकडा दिला नव्हता, पण कशावरून ते दिलं होतं.

आडाची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायचीय. देवळामागं जुना आड आहे, दगडी कठडा, आता वरून जाळी टाकलीय, वापरात नाही. पोरांनी दोन म्हाताऱ्यांना विचारलं किती खोल. एक म्हणाले सात परस. दुसरे म्हणाले नऊ परस, त्याला काय कळतंय. दोघंही गावातले जाणते, दोघांनीही तरुणपणी आत उतरून गाळ काढलेला. पोरं खुशीत येऊन म्हणाली मॅडम एकजण खोटं बोलतंय! आता कोण ते शोधू.

मी बरोबर गेले, जाळीच्या बाहेरून सुतळी सोडायची, कुणी कठड्यावर चढायचं नाही अशी तंबी दिली. सुतळीला फुटाफुटावर गाठ मारली होती, टोकाला दगड. पहिल्यांदा मोजलं ३१ फूट. दुसऱ्यांदा ४८. तिसऱ्यांदा ४८. मग एकाच्या लक्षात आलं की पहिल्यांदा दगड आतल्या कपारीवर बसला होता, टेकल्यासारखं वाटलं. मी म्हणलं ३१ खोडू नका, लिहा तसंच, का सोडलं ते पण लिहा. याला पोरांचा लई विरोध. चुकलेलं कशाला दाखवायचं? शाळेत सात वर्षं चुकलेलं खोडायलाच शिकवलंय आपण, त्यांचा काय दोष.

तर ४८ फूट. आता परस म्हणजे किती फूट? मला स्वतःला माहीत नव्हतं. माझे आजोबा पण विहीर परसातच सांगायचे पण मी कधी विचारलं नाही. पोरं परत गेली. सात परसवाले आजोबा म्हणाले, परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला की जेवढा होतो तेवढा. नऊ परसवाले म्हणाले, परस म्हणजे पुरुष, माणसाची उंची, हात कशाला वर करतोय, आडात काय कुणाला पकडायला आलेत का. पोरांनी दोघांनाही शाळेच्या भिंतीला उभं केलं. खरंच उभं केलं, अख्खं गाव बघायला जमलं होतं. पहिल्या आजोबांना हात वर करायला लावून खडूनं रेघ मारली, भरली ७ फूट. दुसऱ्यांची डोक्यावर रेघ मारली, साडेपाच फुटाला थोडी कमी. मग भागाकार. ४८ भागिले ७, जवळजवळ सात. ४८ भागिले साडेपाच, पावणेनऊच्या आसपास.

वर्गात एकदम शांतता. मग मागच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा उंच पोरगा म्हणाला, "म्हंजी दोघंबी खरं बोलत हुते." मी फळ्यावर काही लिहिलं नाही त्या दिवशी. पुढं त्या गटाच्या लेखाचं पहिलं वाक्य त्यानंच केलं: "आमच्या गावात परस दोन प्रकारचे आहेत."

या पहिल्या वाक्यावरून आठवलं. लिहायला बसलो तेव्हा प्रत्येकाचं पहिलं वाक्य होतं 'भारत हा कृषिप्रधान देश आहे'. चिप्सवाल्यांचं पण! त्यावर बंदी घातली. पहिल्या वाक्यात आपल्याला सापडलेली गोष्ट नाहीतर आपला प्रश्न आला पाहिजे, भारत नंतर आला तरी चालेल. मग कार्डं व्हरांड्यात जमिनीवर मांडायची, कुठलं आधी कुठलं नंतर, एकासारखी एक एका ढिगात, आणि ढीग लागला की एक ढीग म्हणजे एक परिच्छेद. परिच्छेद म्हणजे काय हे मी दरवर्षी शिकवते पण त्या ढिगांनी जेवढं समजलं तेवढं कधी नाही. लाईट नव्हती, वाऱ्यानं एकदा सगळी कार्डं उडाली, पाचवीची पोरं गोळा करायला धावली आणि चार गटांची कार्डं एकमेकांत मिसळली. पण प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात नाव, तारीख आणि ते अक्षर होतं म्हणून अर्ध्या तासात परत लागली. त्यानंतर प्रत्येक ढिगावर एक दगड.

दुरुस्तीचं काम पोरांचं पोरांनी करायचं, नाहीतर मी एकटी २३ जणांचं किती वेळा वाचणार. एकानं वाचायचं, जोडीदाराला दोनच गोष्टी बोलायची परवानगी: "कशावरून?" आणि "म्हणजे काय?" छान आहे, अक्षर बघ, असलं काही म्हणायचं नाही. हे भयंकर चाललं. एवढं की घरी पण चालू झालं. एक आई शाळेत येऊन म्हणाली, "बाई, ह्याला काय शिकिवलंय, बापाला इचारतंय उचल किती घेतली, कशावरून."

लग्नपत्रिकांचा गट खरं तर आमच्या कागदावरच उभा राहिला. तीन पोरी. कार्डावर नोंदी लिहिता लिहिता एकीनं पत्रिका उलटी करून तारखा वाचल्या. त्यांनी ११२ पत्रिकांच्या तारखा काढल्या, महिन्याप्रमाणे रेघा मारल्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. एप्रिल आणि मे मिळून ७४. आषाढी ते कार्तिकी जवळपास शून्य, ते घरच्यांनी लगेच सांगितलं, चातुर्मासात लग्न करत नाहीत. पण डिसेंबर ते फेब्रुवारी फक्त ८, ते का? आजी म्हणाली मुहूर्त नसतात. पोरींनी शाळेच्या भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि बघितलं तर त्या महिन्यांतही विवाहमुहूर्त दिलेले. मग? मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, कारण तेव्हा गावात असतंय कोण! सगळे फडावर. कारखाने बंद झाले, माणसं परतली, हिशोब झाला की लग्नं. त्यांनी लिहिलं, "मुहूर्त असतात (वा), पण माणसे नसतात (ब)."

मी खूश होते. शेवटी विचारलं, यात काय राहिलं असेल? कुठल्या पत्रिका आपल्याला मिळाल्याच नसतील? एक म्हणाली उंदरानं खाल्लेल्या. दुसरी म्हणाली लई जुन्या. तिसरी जरा वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "ज्या लग्नाच्या पत्रिका छापत नाहीत त्या."

मला कळायला एक क्षण लागला. कोवळ्या पोरींची लग्नं, फडावर एकटी कुठं ठेवायची म्हणून घाईघाईनं लावलेली, त्यांच्या पत्रिका कशाला छापतील. पोरीच्या चुलत बहिणीचं झालं होतं तसं, आठवीनंतर. वर्ग एकदम गप्प, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी त्या शाळेत यायच्या आधीचं ते, हे मी स्वतःला लगेच सांगून टाकलं, आणि सांगताना ते किती सोयीचं आहे हेही कळत होतं. लेखात काय लिहायचं यावर आम्ही चौघी बसलो. नाव येणार नाही, घर येणार नाही, नातं येणार नाही. पण वाक्य राहील असं त्या तिघींनीच ठरवलं: "काही लग्नांच्या पत्रिका छापल्या जात नाहीत, म्हणून ती लग्ने आमच्या मोजणीत नाहीत." समासात काय लिहावं, ब का ऐ, यावर बराच वेळ गेला. शेवटी तिनं काहीच लिहिलं नाही, तेवढी एकच जागा त्या लेखात रिकामी आहे. दुसऱ्या दिवशी मी दारामागं १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीचा, नंबर लिहिला, ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हेही सांगितलं. यापुढं मी काय केलं आणि काय नाही ते वेगळं लिहायचं प्रकरण आहे.

जानेवारीत एक साहेब भेटीला आले. कौतुकानं लेख दाखवले. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं उद्दिष्टे कुठंयत? मग चिप्सवाल्यांचा 'आम्हाला हे कळलं नाही' हा परिच्छेद वाचून हसले, म्हणाले, अहो जे कळलं नाही ते कशाला लिहायचं, नकारात्मक दिसतं, आणि पाठीमागं कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका, जरा चांगल्या कागदावर घ्या. पोरं समोरच उभी होती. मी "हो सर" म्हणाले. संध्याकाळभर स्वतःवर चडफडत होते. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी १० ते १७ वयाची पोरं पाठवता येतात, तिकडं आडाचा लेख पाठवायचा माझा विचार होता, पण तोवर त्या गटातली तिघं ऊसतोडीला गेलेली. राहिलं.

हां, गेलेल्या पोरांचं. दिवाळीनंतर ११ जण गेले. जाताना मी प्रत्येकाच्या हातात दहा-दहा कोऱ्या पत्रिका आणि एक पेन्सिल दिली, म्हणलं तिथं काही शोधावंसं वाटलं तर. खरं सांगते, कसली अपेक्षा नव्हती. दिवसभर वाढे म्हणजे उसाचे शेंडे गोळा करायचे, भावंडं सांभाळायची, रात्री गाडी भरायला उठायचं, त्यात लिहितंय कोण. मार्चअखेर पोरं परत यायला लागली. बहुतेकांच्या पत्रिका हरवल्या, भिजल्या, एकीनं त्याच्या चांदण्या कापून कोपीला, म्हणजे तिथल्या झोपडीला, लावल्या म्हणे. तो मागच्या बाकावरचा उंच पोरगा मात्र सहा पत्रिका घेऊन आला, रबराला गुंडाळून, उसाच्या चिकानं काळ्या पडलेल्या.

त्याचा प्रश्न होता, उसाची एक मोळी किती किलोची असते. पहिल्या कार्डावर: मुकादम म्हणतो वीस (ऐ). दुसऱ्यावर: आई म्हणते चाळीस (ऐ). तिसऱ्यावर: कारखान्याच्या काट्यावर अख्खी गाडी मोजतात, एक मोळी कोण मोजत नाही (ब). चौथ्यावर आडासारखा भागाकार करून बघितला होता, एका खेपेचं वजन भागिले मोळ्या, पण मोळ्या मोजता मोजता झोप लागली असं प्रामाणिकपणे लिहिलेलं, 'म्हणून हे सोडून दिले'. पाचव्यावर लिहिलं होतं, "सकाळची मोळी आणि संध्याकाळची मोळी सारखीच बांधतात पण संध्याकाळची जड असते." आणि समासात ऊ.

मी म्हणलं हे काय, ऊ म्हणजे ऊस का रे?

"नाय मॅडम. उचलून बघितलं."

मी म्हणलं मग तो पहिला उ पाहिजे, दुसरा नाही. तो हो म्हणाला, गेरूचा डबा घेतला, भिंतीवरच्या चार अक्षरांखाली पाचवं लिहिलं, आणि परत दुसराच लिहिला.